जमीन घेण्याआधी झोन कसा तपासायचा: सात-बारापासून बांधकाम परवानगीपर्यंत

सात-बाऱ्यावरून जमीन कोणाची ते कळतं. तिच्यावर काय बांधता येईल, ते सात-बारा सांगत नाही, खरेदीखतही सांगत नाही. एजंटच्या रंगीत माहितीपत्रकावरच्या 'रहिवासी झोन' या दोन शब्दांवर तर अजिबात विसंबू नये. ते ठरतं नियोजन प्राधिकरणाच्या मंजूर नकाशावर आणि त्या नकाशासोबतच्या नियमावलीत. महाराष्ट्रात या सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कचेरीत याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

हा लेख पहिल्यांदाच जागा घेणाऱ्यांसाठी आहे. मालकी हक्काचा तपास, म्हणजे वकिलाकडून होणारा टायटल सर्च, हे वेगळं काम; ते करायचंच आहे, पण त्यात झोन, म्हणजे नकाशात ठरवलेला जमिनीचा वापर, येत नाही. टायटल स्वच्छ आणि जागा खेळाच्या मैदानासाठी आरक्षित, असं सर्रास असतं.

पायरी १: जमिनीची नेमकी ओळख

गाव, तालुका, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. शहरात नगर भूमापन झालं असेल तर सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि मिळकत पत्रिका. एवढं बरोबर नसेल तर पुढची प्रत्येक पायरी चुकीच्या जमिनीवर होते.

यात एक खाचखळगा आहे. एकत्रीकरण योजना राबवलेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विकास योजनेचा नकाशा मात्र कधी जुन्या सर्व्हे नंबरांवर काढलेला असतो. अशा वेळी कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे दाखवणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. तो न जोडता अर्ज केला की कारकून सरळ 'नंबर आढळत नाही' असा शेरा मारतो आणि फाइल परत येते.

सात-बारा हातात आहेच, तर दोन गोष्टी तिथेच पाहून घ्या. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्रीच होत नाही, मग झोन पिवळा (रहिवासी) असला काय नि हिरवा (शेती) असला काय. दुसरं, 'इतर हक्क' या रकान्यात वन, पुनर्वसन, भूसंपादन, कुळ यांपैकी काही नोंद आहे का. असेल तर त्या नोंदीचा फेरफार काढून वाचा. फक्त शेऱ्यावरून अंदाज बांधू नका.

मोजमापाचं म्हणाल तर १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सात-बाऱ्यावर आकडा हेक्टर-आरमध्ये असतो, सौदा गुंठ्यात होतो आणि नियमावली चौरस मीटरमध्ये बोलते. तिन्हींचा मेळ स्वतः घाला.

पायरी २: या जमिनीवर हुकूम कोणाचा?

महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर तिची विकास योजना लागू, म्हणजे बोलीभाषेत 'डीपी'. मोठ्या शहरांभोवतीच्या पट्ट्यात पीएमआरडीए (पुणे), एनएमआरडीए (नागपूर), सिडको यांसारखी प्राधिकरणं आहेत. एमआयडीसीच्या क्षेत्रात एमआयडीसी. उरलेल्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना, म्हणजे 'आरपी', आणि गावठाणाबाहेर परवानगी देणारे जिल्हाधिकारी. तांत्रिक तपासणी जिल्ह्याच्या नगररचना शाखेकडून होते.

घरपट्टी कोण घेतं यावरून हे ठरवू नका. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावं घेतली, पण त्यांच्या नियोजनाचं काम पीएमआरडीएकडे सोपवलं गेलं. म्हणजे कर एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे. शहराच्या काठावरच्या कोणत्याही गावासाठी पहिला प्रश्न हाच विचारा: 'आज या गावाचं नियोजन प्राधिकरण कोण?'

ग्रामपंचायतीबद्दल गैरसमज फार. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर घर नोंदलेलं आहे याचा अर्थ ते घर परवानगीने बांधलं, असा होत नाही. गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीला अधिकार आहेत. गावठाणाबाहेरच्या प्लॉटिंगला सरपंचांच्या सहीचा 'ना हरकत दाखला' दाखवून कोणी विक्री करत असेल, तर त्या कागदाला बांधकाम परवानगीची किंमत नाही.

नियमावली कोणती, हेही इथेच ठरवून घ्या. राज्याच्या बहुतेक भागाला ३ डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे: एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलताना 'यूडीसीपीआर'. बृहन्मुंबईला तिची स्वतःची २०३४ ची नियमावली आहे. एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरण संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले प्रदेश यूडीसीपीआरच्या बाहेर आहेत. महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरान परिसरातल्या जागेला पुण्याच्या आर्किटेक्टने यूडीसीपीआरचं गणित लावून दिलं, तर ते गणित कागदावरच राहील.

प्राधिकरण कळलं की त्यांच्या नगररचना विभागात तीन गोष्टी विचारा. मंजूर योजना कोणत्या तारखेची? तिच्यावर सुधारित प्रारूप योजना, म्हणजे अजून मंजूर न झालेला मसुदा, प्रसिद्ध झाली आहे का? आणि या भागात नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, जाहीर झाली आहे का? दुसरा प्रश्न नवखे लोक हमखास विसरतात. कायद्याच्या कलम ४६ नुसार परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूप योजनेचाही विचार करावा लागतो. मंजूर नकाशात रहिवासी, प्रारूपात बागेचं आरक्षण, अशी जागा असेल तर परवानगी अडकलीच समजा. टीपी स्कीममध्ये तर तुमचा मूळ तुकडाच राहत नाही; सगळ्या जमिनी एकत्र करून त्यातून रस्ते नि सुविधा वगळून प्रत्येकाला वेगळ्या आकाराचा, लहान आणि कधी वेगळ्या जागी अंतिम भूखंड मिळतो. तिथे जुन्या मोजणी नकाशावर घर आखणं व्यर्थ.

पायरी ३: झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही मागा

झोन दाखला म्हणजे शब्दांत उत्तर, भाग नकाशा म्हणजे त्याच उत्तराचं चित्र. पुष्कळ जण शंभर-दोनशे रुपये वाचवायला फक्त दाखला घेतात. ही काटकसर महागात पडते. का, ते पुढच्या पायरीत येईल.

अर्जासोबत अलीकडचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशाची प्रत जोडावी लागते. मोजणी झाली नसेल तर गट नकाशाचा उतारा. अनेक ठिकाणी अर्ज ऑनलाइन होतो. या दोन्ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत, म्हणजे त्यांना ठरलेली मुदत आहे आणि ती कार्यालयाच्या फलकावर लिहिलेली असायला हवी. मुदत उलटली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. 'साहेब रजेवर आहेत' हे उत्तर त्यात बसत नाही.

अर्जात मोघम 'झोन कळावा' असं लिहू नका. असं लिहा: 'गट नंबर अमुकचा झोन, त्यावरील आरक्षण, प्रस्तावित रस्ता व रस्तारुंदी, पूररेषा, तसेच मंजूर व प्रारूप या दोन्ही योजनांतील प्रस्ताव कळावेत.' विचारलं तेवढंच उत्तर मिळतं, हा सरकारी पत्रव्यवहाराचा पहिला नियम.

प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा नकाशा पहिल्या नजरेसाठी चांगला. रंगांची सूची तिथे दिलेली असते. साधारणपणे रहिवासी पिवळा, शेती हिरवा. पण स्कॅन करून चढवलेल्या नकाशाला पुरावा म्हणून कोणी विचारत नाही. सही-शिक्क्याची प्रतच धरा, आणि विक्रेत्याने आणून दिलेल्या दाखल्यावर न थांबता स्वतःच्या अर्जावर नवा काढा. जुन्या दाखल्यानंतर फेरबदल झालेला असू शकतो.

पायरी ४: दाखला वाचायचा कसा

दाखल्यातली भाषा ठरावीक असते. तिचे तुकडे पाडून पाहू.

'सदर गट रहिवास विभागात समाविष्ट आहे.' इतकंच असेल तर उत्तम. पण असं निखळ वाक्य मिळालं की पुढचं पानही उलटून पाहा.

'सदर गट भागशः रहिवास व भागशः शेती विभागात समाविष्ट आहे.' इथे थांबा. 'भागशः' हा या कागदावरचा सगळ्यात महाग शब्द. दाखला संपूर्ण गटाचा असतो, तुम्हाला विकल्या जाणाऱ्या तुकड्याचा नव्हे. तीन हेक्टरच्या गटातला पाऊण हेक्टर पिवळ्यात असेल आणि तुमचे दहा गुंठे नेमके हिरव्यात, तरी विक्रेता तोच दाखला दाखवून 'रहिवासी आहे, हे बघा लिहिलंय' म्हणणार, आणि तो खोटंही बोलत नसणार.

'१८ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने बाधित.' म्हणजे नकाशावर रस्ता आखलेला आहे, जमिनीवर आज ऊस उभा असला तरी. बाधित क्षेत्रावर बांधकाम नाही.

'आरक्षण क्र. अमुक, प्राथमिक शाळा.' ही जागा सार्वजनिक कामासाठी राखीव.

'मंजूर योजनेतील ईपी क्रमांक अमुकने बाधित.' शासनाने योजना मंजूर करताना हा भाग वगळून स्वतंत्र निर्णयासाठी ठेवला. त्याचं पुढे काय झालं, त्याची अधिसूचना मागा. ती मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

'प्रत्यक्ष मोजणीनुसार अभिप्राय कायम राहील' अशा अर्थाची तळटीप बहुतेक दाखल्यांवर असते. ती सजावट नाही. ती सांगते की खरी रेषा अजून ठरायची आहे.

पायरी ५: मोजणी नकाशा नकाशावर बसवा

नवखे लोक ज्या टप्प्यावर थांबतात तो पायरी ३. खरं काम इथे आहे.

नकाशाचं प्रमाण बघा. १:१०,००० प्रमाणावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघच ५ मीटरची झाली. प्रादेशिक योजनेचा नकाशा १:५०,००० असेल तर तीच रेघ २५ मीटर. दोन गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट जेमतेम १४ मीटर रुंद असतो. म्हणजे तो सबंध प्लॉट त्या रेघेखाली झाकला जाईल. म्हणून भाग नकाशावर पट्टी ठेवून 'आपला प्लॉट आत आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

त्यासाठी आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत घ्या. ई-मोजणी प्रणालीतून अर्ज होतो. शुल्क नियमित, द्रुतगती अशा प्रकारांनुसार वेगळं असतं. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असते; ते हजर राहतील असं बघा, नाहीतर हद्दीचा वाद उद्यावर ढकलला जातो. मग परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्टकडून ती 'क' प्रत विकास योजनेच्या नकाशावर बसवून घ्या आणि तो आराखडा नगररचना विभागाकडून प्रमाणित करून घ्या. रस्त्याची आखणी जागेवर करून देण्याचीही मागणी करता येते. खासगी सर्व्हेअरचा जीपीएस नकाशा चांगला असतो, पण कचेरीत 'क' प्रतच चालते.

एक उदाहरण घेऊ. जागा २० गुंठे, म्हणजे २०२३ चौरस मीटर. ढोबळ आकार ४५ बाय ४५ मीटर. तिच्या मधोमध १८ मीटरचा प्रस्तावित रस्ता. ४५ गुणिले १८ म्हणजे ८१० चौरस मीटर, सुमारे ८ गुंठे, रस्त्यात. उरले १२ गुंठे. तेही सलग नाहीत, दोन्ही बाजूंना साडेतेरा मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टीतून पुढचं, मागचं आणि बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांमधली सक्तीची मोकळी जागा, सोडा, म्हणजे घरासाठी काय राहतं ते दिसेल. सौदा २० गुंठ्यांच्या भावाने करायचा की १२ च्या, हे त्या दिवशी ठरवा. रस्त्यात गेलेल्या क्षेत्राचा मोबदला एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता वा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपाने मिळू शकतो, पण तो मालकाने क्षेत्र प्राधिकरणाच्या ताब्यात दिल्यावर. घर बांधायला जागा मात्र वाढत नाही.

पायरी ६: झोन कळला, मग त्यात काय बसतं?

रहिवासी झोनमध्ये घर चालतं, एवढं सगळ्यांना माहीत. दुकान, दवाखाना, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालय चालेल का, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरतं. किती मजले चढतील, हेही बरंचसं रस्ताच ठरवतो. यूडीसीपीआरमध्ये दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. २०० चौरस मीटरच्या भूखंडावर म्हणजे २२० चौरस मीटर. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो तिथेच थांबतो. रस्ता रुंद होत जाईल तसा प्रीमियम भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो वाढवता येतो. महापालिका क्षेत्रात ३० मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत जातो. याखेरीज जिने, बाल्कनी वगैरेंसाठी अनुषंगिक एफएसआय असतो, रहिवासी वापरात ६० टक्क्यांपर्यंत, तोही प्रीमियम भरूनच. म्हणून 'एफएसआय किती मिळेल' असं विचारण्याआधी 'रस्ता किती मीटरचा' ते विचारा. आणि उत्तर फुटांत आलं तर भागाकार करा: २० फुटी रस्ता म्हणजे जेमतेम ६ मीटर. सर्वसाधारण रेखांकनात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये, अंतर्गत रस्ताही ९ मीटरचा लागतो.

शेती झोन म्हणजे काहीच बांधता येत नाही असं नाही. यादी बरीच मोठी आहे, पण अटी कडक. सगळ्यात जास्त फसवणूक शेतघराच्या नावाने होते, म्हणून तो हिशेब नीट बघा. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, एफएसआय ०.०३७५, आणि काही झालं तरी ४०० चौरस मीटरच्या वर बांधकाम नाही. ४००० चौरस मीटर गुणिले ०.०३७५ म्हणजे १५० चौरस मीटर. आता 'फार्महाउस प्लॉट, ११ गुंठे, बंगला बांधा' ही जाहिरात या आकड्यांशेजारी ठेवा. ११ गुंठे म्हणजे सुमारे १११३ चौरस मीटर. किमान क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिथे शेतघराची परवानगी निघत नाही.

डोंगरमाथा-डोंगरउतार, हरित पट्टा, ना-विकास विभाग: इथे गुंतवणूक म्हणून 'पुढे झोन बदलेल' या आशेवर कोणी जागा विकत असेल, तर ती आशा तो तुम्हाला रोख घेऊन विकतो आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चाललं की एक मीटर चढ, बांधकाम होत नाही असंच धरून चाला.

पायरी ७: झोनच्या बाहेरची बंधनं

पिवळ्या रंगाच्या जागेवरही ही येऊन बसतात, आणि झोन दाखल्यात ती सगळी असतीलच असं नाही.

नदीकाठी दोन पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. निळी ते लाल यांमध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. रेषा जलसंपदा विभाग ठरवतो.

वीजवाहिनी जागेवरून जात असेल तर खांब मोजू नका, दाब विचारा. इमारतीपासून आडवं अंतर ११ केव्हीला १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर. त्यावरच्या दाबाला वाढत जातं. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेची ना हरकत लागते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामास मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. कोकणात भरतीरेषेमुळे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), विमानतळाजवळ उंचीची मर्यादा, महामार्गाला इमारत रेषा. सगळी कोणाला लागू नसतात, पण जागेवर उभं राहून चारही दिशांना बघितलं की कोणती लागू आहेत याचा अंदाज येतो: नदी, तारा, रूळ, किल्ला, समुद्र. हे घरी बसून होत नाही.

पायरी ८: तुकडे, एनए आणि प्लॉटिंग

शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचं बंधन आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचा किमान आकार, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. शहरी नियोजन क्षेत्रातल्या जुन्या छोट्या व्यवहारांना २०२५ मध्ये सवलत दिली गेली. पण व्यवहार नियमित होणं आणि त्या तुकड्यावर बांधकाम परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गुंठेवारी वसाहतींसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. नव्या प्लॉटिंगला तो लावता येत नाही.

तुकडेबंदीतून पळवाट म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसांच्या नावाने एकच सात-बारा केला जातो, आणि प्रत्येकाला 'हा तुझा प्लॉट' म्हणून चुन्याची फक्की मारून दाखवतात. कागदावर तुम्ही असता अविभक्त हिस्सेदार. परवानगी मागायला गेलात की बाकी सगळ्यांची संमती आणा, असं सांगतात. शिवाय शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेण्यावर कूळ कायद्याचं बंधन आहेच.

एनएची, म्हणजे अकृषिक परवानगीची, पद्धत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब, ४२-क, ४२-ड खाली विकास योजनेत, प्रादेशिक योजनेत किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आत रहिवासी वापरात येणाऱ्या जमिनीला वेगळ्या परवानगीच्या फेऱ्यातून सुटका मिळाली. रक्कम भरायची आणि पुढे जायचं. पण एनए सैल झालं म्हणून झोन सैल झाला नाही. एनए महसूल खात्याचा विषय, झोन नगररचनेचा. 'एनए प्लॉट' असं कोणी म्हटलं की दोन कागद मागा: अकृषिक आकारणीचा आदेश किंवा सनद, आणि नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेलं रेखांकन, शिक्क्यासह. रेखांकन ०.४ हेक्टर किंवा मोठं असेल तर त्यात १० टक्के मोकळी जागा सोडलेली दिसली पाहिजे. माहितीपत्रकावरच्या नकाशात तीच मोकळी जागा प्लॉट नंबर १४ आणि १५ म्हणून विकायला काढलेली असते; मंजूर रेखांकन आणि माहितीपत्रक एकाशेजारी एक ठेवून प्लॉट नंबर मोजा, लगेच सापडतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठहून जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेरा (स्थावर मालमत्ता प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) नोंदणीही लागते.

पायरी ९: जागा आधीच घरची आहे आणि आरक्षण पडलंय

विकत घेणाऱ्याला सल्ला सोपा: घेऊ नका. वडिलोपार्जित जमिनीवर आरक्षण आलेल्याला मात्र मार्ग शोधावे लागतात.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली असेल तर हरकत नोंदवण्याची मुदत नोटिशीत दिलेली असते, ३० दिवस किंवा मोठ्या महापालिकेत ६० दिवस. हरकतीत 'अन्याय झाला' असं लिहून उपयोग नसतो. गट नंबर, आरक्षण क्रमांक, जागेवरची परिस्थिती, आधीची मंजूर परवानगी असेल तर तिची प्रत, आणि जवळ सरकारी जमीन असेल तर तिचा गट नंबर, असं पर्याय दाखवून लिहा. पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा; तिथे पाच-सात मिनिटं मिळतात, नकाशाची मोठी प्रत सोबत असावी.

योजना मंजूर झाल्यावर तीन वाटा उरतात. जागा ताब्यात देऊन टीडीआर घेणं. समायोजन आरक्षणाच्या तरतुदीखाली काही भाग विकसित करून देऊन उरलेल्यावर बांधणं. किंवा एमआरटीपीचं कलम १२७. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. यात लोक चुकतात कुठे? नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडत नाहीत, सगळे सहहिस्सेदार सही करत नाहीत, किंवा नोटीस नियोजन प्राधिकरणाऐवजी भलत्याच कार्यालयात जाते. मुदत मग सुरूच होत नाही. आणि आरक्षण गेलं तरी जागेला लगतच्या जमिनीचाच वापर मिळतो. शेजारी शेती झोन असेल तर तोच.

झोन बदलासाठी विकास योजनेत कलम ३७ आणि प्रादेशिक योजनेत कलम २० आहे. अंतिम निर्णय शासनाचा, मध्ये जाहीर हरकती-सूचना, आणि प्रक्रिया लांबलचक. नगरसेवकाने शब्द दिला म्हणून बदल होत नाही.

पायरी १०: परवानगीचा अर्ज

अर्ज कलम ४४ खाली, परवानाधारक तंत्रज्ञामार्फत, ऑनलाइन. १५० चौरस मीटरपर्यंतच्या आणि त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी यूडीसीपीआरमध्ये सोपी प्रक्रिया आहे. ती कागदपत्रांची सोय आहे, झोनमधून सूट नाही. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. हे वाक्य कुंपणाच्या कामालाही पुरेसं नाही असं समजून वागा आणि लेखी घेऊनच पाया खणा. नकार आला तर ४० दिवसांत शासनाकडे अपील. परवानगी एक वर्षाची, पुढे वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढते. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या, कारण रस्त्याच्या आखणीत घर अर्धा मीटर गेलंय हे जोत्यावर कळलं तर दुरुस्त होतं, स्लॅबवर नाही.

बयाणा देण्याआधी हे सगळं होणार नसेल, आणि बहुतेक वेळा होत नाही, तर साठेकरारात निदान एक अट घाला: खरेदीदाराच्या नावाने मागवलेल्या झोन दाखल्यात, भाग नकाशात आणि 'क' प्रतीवर आधारित प्रमाणित आराखड्यात ठरलेलं क्षेत्र रहिवासी आणि अबाधित न दिसल्यास बयाणा पूर्ण परत, अमुक दिवसांत. प्रामाणिक विक्रेता ही अट वाचून फार तर दिवस कमी करून मागेल. जो अटच नको म्हणतो, त्याच्या गटाचा भाग नकाशा पुन्हा एकदा नीट बघा.